सायकलने कोकणात उतरण्यापूर्वी

दिवाळी सरली की देहूरोडच्या जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर पहाटेच्या अंधुक प्रकाशात सायकलस्वारांचे छोटे छोटे जथे दिसू लागतात. चिंचवड, आकुर्डी, रावेत या बाजूंनी आलेली ही मंडळी सोमाटणे फाटा ओलांडून तळेगाव, कामशेत, फार तर लोणावळ्यापर्यंत जातात आणि ऊन चढण्यापूर्वी घरी परततात. पूर्वी यात तरुणांचा भरणा असे. अलीकडे साठी ओलांडलेले गृहस्थ, गृहिणी, शाळकरी मुलांना सोबत घेतलेले पालकही त्यांत असतात. पर्वतीय बनावटीची जाड टायरांची सायकल आता बहुतेक वसाहतींच्या वाहनतळावर आढळते. एक-दोन हिवाळे लोणावळ्याच्या फेऱ्या झाल्या की या जथ्यांत एक प्रश्न हमखास निघतो : या वेळी समुद्रापर्यंत जायचे का?

प्रश्न उत्साहाचा असतो, उत्तर मात्र बहुधा छायाचित्रे पाहून ठरते. निळा समुद्र, वळत जाणारा रिकामा रस्ता, कडेला नारळी-पोफळीची बने एवढे दिसले की मार्ग मुक्रर होतो. छायाचित्रात चढ किती ते दिसत नाही. मागून येणारा मालट्रक दिसत नाही, दुपारी दोनचे ऊन दिसत नाही आणि सूर्यास्ताला अजून किती अंतर उरले आहे तेही दिसत नाही. मार्ग रम्य असावा ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु ज्या वाटेवर मान वर करून पाहण्याइतकी उसंत व निर्धास्तपणा मिळत नाही, ती वाट कितीही सुंदर असली तरी सायकलस्वाराच्या काय उपयोगाची?

देहूरोड समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. सरळ रेषेत समुद्र शंभर किलोमीटरही दूर नाही. मध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे आणि ती ओलांडण्याचे दरवाजे मोजके आहेत. किवळ्याला सुरू होणारा द्रुतगती मार्ग देहूरोडकरांच्या उंबरठ्यावर असला तरी तेथे दुचाकींना व सायकलींना मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे. उरतो जुना महामार्ग, म्हणजे बोरघाट. दक्षिणेला मुळशीमार्गे ताम्हिणी. त्याखाली भोर-महाड रस्त्यावरील वरंध आणि महाबळेश्वर-पोलादपूरचा आंबेनळी. शेवटचे दोन घाट देखणे आहेत, पण देहूरोडहून निघणाऱ्याला त्यांच्या पायथ्याशी पोहोचण्यातच एक दिवस जातो आणि वरंध तर पावसाळ्यात वारंवार बंद ठेवावा लागतो. पहिल्या सफरीसाठी त्यांचा विचार करण्याचे कारण नाही.

बोरघाट सर्वांत जवळचा. लोणावळा देहूरोडपासून चाळीस किलोमीटर, रस्ता ओळखीचा, जागोजागी चहा-नाश्त्याची सोय. १८३० साली गाडीवाट म्हणून खुला झालेला हा घाट इतिहासानेही समृद्ध आहे. वाट दाखविणाऱ्या शिंग्रोबा धनगराचे मंदिर आजही जुन्या वळणांवर उभे आहे. तथापि आजचा बोरघाट हा उद्योगपट्ट्याचा गळा आहे. चाकण, तळेगाव, भोसरीहून निघालेला माल आणि बंदरांकडून येणारे कंटेनर याच खिंडीतून ये-जा करतात. उतारावर अवजड वाहनांच्या गरम ब्रेकचा वास, अरुंद कड, मागून वाजणारे भोंगे अशा स्थितीत दरीकडे पाहावे की आरशात, हा प्रश्न पडतो. खोपोलीला उतरल्यावरही पुढे पेण-पनवेलच्या बाजूने वाहतूक सुटत नाही. अंतर कमी म्हणून बोरघाट निवडणे म्हणजे केवळ व्याजदर पाहून, अटी न वाचता कर्ज घेण्यासारखे आहे.

ताम्हिणीची गोष्ट निराळी. हिंजवडी, माण, घोटावडे फाटा करीत पौड गाठावे. पौडनंतर रस्ता मोकळा होतो आणि मुळशीच्या जलाशयाची साथ सुरू होते. ते निळे पाणी पाहताना एक गोष्ट ध्यानात असावी. याच धरणासाठी जमिनी जाणाऱ्या मावळ्यांचा सत्याग्रह १९२१ साली येथे झाला, सेनापती बापट त्याचे नेते होते, आणि पाण्याखाली गेलेल्या गावांच्या काठाकाठाने आजचा रस्ता जातो. जलाशय संपल्यावर दाट झाडी लागते; हा भाग अभयारण्याचा आहे. डोंगरवाटांवर सायकल घालण्याचा मोह जाड टायरवाल्यांना येथे होतो, पण वनखात्याच्या हद्दीत परवानगीवाचून शिरू नये. त्यानंतर रस्ता एकदम कोकणात झेपावतो आणि विळे, निजामपूर करीत माणगावला मुंबई-गोवा महामार्गाला भेटतो. अवजड वाहने बोरघाटाच्या मानाने कमी. मात्र शनिवार-रविवारी पर्यटकांच्या मोटारींची झुंबड असते, आणि त्यांतील काही चालकांना वळणावर पुढे जाण्याची घाई असते. शक्य असल्यास गुरुवार-शुक्रवार निवडावा. घाटात अनेक ठिकाणी मोबाइलला संपर्क मिळत नाही, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवावे म्हणजे विनाकारण काळजी होत नाही.

आता घाट उतरून कोकणात आल्यावर खरी परीक्षा सुरू होते, आणि येथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता अशी देशावरच्या माणसाची समजूत असते. वस्तुस्थिती उलट आहे. कोकणचा किनारा जांभ्या दगडाच्या सड्यांनी बनलेला आहे. सड्याचा माथा शंभर-दीडशे मीटर उंच, आणि दर काही किलोमीटरवर एखादी नदी वा ओढा तो सडा कापून खाडीला मिळतो. गावे खाली आगरात वसलेली, रस्ता मात्र एका आगरातून चढून सड्यावर जातो आणि दुसऱ्या आगरात उतरतो. असे चार चढ झाले की चारशे-पाचशे मीटर उंची चढून होते, जरी सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी समुद्रसपाटीवरच असतो. हिशेबाची सवय असलेल्यांना हे चटकन कळेल. खात्यातील अखेरची शिल्लक शून्य दिसली म्हणजे उलाढाल झालीच नाही असे होत नाही. मार्ग निवडताना दोन ठिकाणांच्या उंचीतील फरक पाहू नये; वाटेतील सगळ्या चढांची बेरीज पाहावी. नकाशाच्या बहुतेक ॲपमध्ये ती मिळते.

ही बेरीज शरीराच्या भाषेत मांडता येते. स्वार, सायकल व सामान मिळून नव्वद किलो वजन धरले तर शंभर मीटर उंची चढण्यास सुमारे अठ्ठ्याऐंशी किलोज्यूल काम करावे लागते. मानवी शरीर खाल्लेल्या अन्नातील शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा पायडलपर्यंत पोहोचवते. त्यामुळे शंभर मीटर चढासाठी साधारण पंचाऐंशी ते नव्वद कॅलरी लागतात. एक हजार मीटरचा दिवस म्हणजे केवळ उंचीपोटी आठ-नऊशे कॅलरी. सपाट अंतर, वारा व खराब रस्ता यांचा खर्च वेगळा. नियमित व्यायाम करणाऱ्या साठीच्या माणसाला दीर्घकाळ शंभर वॅट शक्ती देता आली तर तासात चारशे मीटर चढता येईल असे कागदावर निघते. प्रत्यक्षात रस्त्याचे घर्षण, विश्रांती व ऊन धरून तीन-सव्वातीनशे मीटर पुरे. आपला आकडा काय, हे कोकणात जाऊन पाहण्याची गरज नाही. देहूरोडहून कामशेत, पवनानगर, दुधिवरे खिंड, लोणावळा आणि जुन्या महामार्गाने परत ही शंभर किलोमीटरच्या आसपासची फेरी उत्तम कसोटी आहे. दुधिवरे खिंडीचा चढ जो न उतरता, न धापता पार करील, त्याने कोकणाचा विचार खुशाल करावा.

याच फेरीत कामशेतजवळ पाले गाव आहे. तेथील लेण्यातला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख अरिहंतांना नमस्कार करून सुरू होतो, हे आपल्या समाजातही फार थोड्यांना ठाऊक आहे. पुढे कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव कोरलेले आहे. किनाऱ्यावरची बंदरे आणि देशावरची नगरे यांच्यामधली ही वाट श्रमण व व्यापारी दोघांच्याही पायाखालची होती. घाट चढताना दम लागला तर लेणी पाहण्याचे निमित्त करून थांबण्यात कमीपणा नाही.

सायकलीविषयी थोडेच सांगणे पुरे. जाड टायरची सायकल डांबरी रस्त्यावर संथ चालते, पण कोकणातील उखडलेल्या रस्त्यावर आणि जांभ्याच्या खडीवर तीच हाताला व पाठीला सुख देते. पुढे बावीस दातांची आणि मागे चौतीस दातांची चकती असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक दोन-तृतीयांशच फिरते. वेग ताशी पाच किलोमीटर, म्हणजे चालण्याइतका. परंतु सहा टक्क्यांचा चढही बसल्या बसल्या निघतो. दुकानदार गिअर किती आहेत ते सांगतो. विचारावयाचे असते ते सर्वांत हलका गिअर कोणता. आणि चढापेक्षा उताराची काळजी अधिक घ्यावी. चढताना जी शक्ती वेचली तेवढीच उतरताना ब्रेकमधून उष्णता होऊन बाहेर पडते. ताम्हिणी उतरताना ब्रेक सतत दाबून न ठेवता वळणाआधी दाबावेत, वळणावर सोडावेत, मधे एकदोनदा थांबून चाके निवू द्यावीत. शिरस्त्राण, मागचा लाल दिवा, जादा ट्यूब व पंक्चरचे सामान यांवर चर्चाच नको.

देहूरोडच्या बाजारपेठेतील एका कुटुंबात गतवर्षी घडलेली हकीकत येथे उपयोगी पडेल. कापडाचे दुकान मुलाच्या हाती सोपवून मोकळे झालेले एक काका, वय त्रेसष्ट, दोन वर्षे रोज सकाळी तळेगावपर्यंत सायकलने जाऊन येत. रक्तदाबाची गोळी चालू, बाकी प्रकृती उत्तम, रात्रीचा चोविहार कधी चुकलेला नाही. त्यांचा पुतण्या चाकणच्या एका कारखान्यात अभियंता. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करण्याच्या ब्रेव्हे नावाच्या उपक्रमात त्याने दोनदा यश मिळविलेले. काकांनी एकदा बोलून दाखविले की आयुष्यात एकदा समुद्रापर्यंत आपल्या पायांनी जावे. पुतण्याने तत्काळ आराखडा मांडला : पहाटे निघायचे, ताम्हिणीमार्गे एकाच दिवसात दिवेआगर, अंतर एकशेसाठ किलोमीटरच्या आसपास.

काकांनी कागद-पेन्सिल मागवली. ताशी चौदा किलोमीटर वेग धरला तर साडेअकरा तास, खाण्याविश्रांतीचे दोन, एकूण साडेतेरा. डिसेंबरात उजेड अकरा तासांचा. म्हणजे अंधार पडेल तेव्हा म्हसळ्याच्या पुढचे डोंगर शिल्लक असणार.

“काका, अंधार पडला तरी पुढेमागे दिवे आहेतच की,” पुतण्या म्हणाला.

“दिवे सायकलीला आहेत, पोटाला नाहीत. सहानंतर मी पाणीही घेणार नाही आणि तू मला तीस किलोमीटर डोंगर चढवणार?”

काकूंचा प्रश्न त्याहून मूलगामी होता. “जाताना उतार आहे, उतार आहे, असं दोघंही सांगताय. अहो, पण येताना काय?”

या एका प्रश्नाने आराखडा बदलला. येताना टेम्पो करायचा, हे आधी ठरले. टेम्पो येणारच आहे तर तो मागाहून यावा आणि शेवटचे दोन दिवस सोबत राहावा, हे त्यातून निघाले. पहिल्या दिवशी ताम्हिणीच्या माथ्यापर्यंत, सुमारे पासष्ट किलोमीटर, व तेथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळच्या थंडाव्यात घाट उतरून माणगाव, म्हसळा, दिवेआगर, शंभराच्या आत-बाहेर. तिसरा दिवस केवळ किनाऱ्याचा : दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, पंचेचाळीस किलोमीटरच्या सुमारास. डॉक्टरांची संमती काकांनी आधीच घेतली. पुतण्याने माणगाव व श्रीवर्धन येथील उपजिल्हा रुग्णालये आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका यांची नोंद खिशातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवली. चिठ्ठी यासाठी, की मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

आहाराचा प्रश्न अशा सफरींत आपल्या घरांना इतरांहून अधिक पडतो, म्हणून त्याविषयी सविस्तर. ज्यांची नवकारशी असते त्यांना सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांपर्यंत, म्हणजे डिसेंबरात पावणेआठ-आठपर्यंत काही घेता येत नाही. पहाटेचा थंडावा वाया घालवू नये आणि रिकाम्या पोटी चढालाही भिडू नये. यावर उपाय असा की पहिला तास सपाट रस्त्याचा राहील असा मुक्काम निवडावा, संथ चालवावे आणि आठ वाजता पोटभर न्याहारी करून मग चढ घ्यावा. संध्याकाळचे जेवण साडेपाचला हवे असेल तर मुक्काम चारपर्यंत गाठला पाहिजे. कोकणातील घरगुती खाणावळीत रात्री नऊचे जेवण नेहमीचे. पाचचे हवे असल्यास आदल्या दिवशी सांगावे लागते. कांदा, लसूण, बटाटा न घालता करा असे सांगितले तर दिवेआगर-श्रीवर्धनच्या ब्राह्मणवाडीतील घरी नवल वाटत नाही. डाळ-भात, नारळाची आमटी, केळफुलाची भाजी, ताक एवढे सहज मिळते. वाटेसाठी खाखरा, थेपले, सुखडी, शेंगदाण्याची चिक्की घरूनच न्यावी. मीठ घातलेले कोकमाचे सरबत घाम गाळणाऱ्यास फार मानवते. उकळलेल्या पाण्याचा नियम असणाऱ्यांनी सकाळी निघतानाच दिवसभराचे पाणी भरून घ्यावे. तीन-चार लिटरांचे ओझे सायकलीवर जाणवते, तेथे मागाहून येणाऱ्या वाहनाची किंमत कळते. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी पच्चक्खाण व परिश्रम यांची सांगड स्वतःच्या मनाने घालू नये. आधी डॉक्टरांना विचारावे, मग महाराजसाहेबांना.

ऋतूविषयी दुमत असण्याचे कारण नाही, पण ते आहे. पावसाळ्यात ताम्हिणीचे धबधबे पाहण्यास हजारो लोक लोटतात व काही सायकलस्वारही त्यांत असतात. दरडी कोसळण्याचा, रस्ता खचण्याचा तो काळ. धुक्यात दहा पावलांवरचे दिसत नाही. ओल्या ब्रेकवर सायकल थांबत नाही. चातुर्मासात साधुसाध्वी विहार थांबवतात ते जीवरक्षेसाठी. त्या चार महिन्यांत शेवाळलेल्या घाटरस्त्यावर गृहस्थाने हौसेसाठी जावे, यात शहाणपण दिसत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. मार्चपासून किनाऱ्यावरील दमट उष्मा असह्य होऊ लागतो. एरवी मार्गाची पारख हवी असेल तर विहारसेवेत चालणाऱ्या मंडळींना विचारावे. कोणत्या वळणावर वाहने वेगाने येतात, कोठे सावली आहे, कोठे कड खचली आहे, हे पायी चालणाऱ्याइतके कोणाला ठाऊक नसते.

दिशेचाही विचार करावा लागतो. हिवाळ्यात किनाऱ्यावर सकाळी वारा जमिनीकडून येतो आणि दुपारनंतर समुद्राकडून, बहुधा वायव्येकडून. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्यास दुपारी पाठीवर वारा मिळतो. याच्या उलट, आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे रस्त्याच्या पलीकडे राहतो. उत्तरेला जाताना तो थेट डाव्या कडेला, हाताच्या अंतरावर. छायाचित्रांच्या दृष्टीने उत्तरेकडची दिशा सरस, पायांच्या दृष्टीने दक्षिणेकडची. साठीच्या माणसाने पायांचे ऐकावे. समुद्र पाहण्यासाठी थांबता येते, वारा मात्र थांबवता येत नाही.

आणखी एक सावधगिरी. या टापूत वेळास नावाची दोन गावे आहेत. एक रायगड जिल्ह्यात दिवेआगरच्या शेजारी, दुसरे सावित्रीची खाडी ओलांडल्यावर रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात. नाना फडणवीसांचे गाव आणि ऑलिव्ह रिडले कासवांच्या पिल्लांसाठी प्रसिद्ध किनारा तो दुसऱ्या वेळासचा. मुक्काम ठरविताना जिल्ह्याचे नाव विचारून घ्यावे. मध्ये एक खाडी व बरेच चढ आहेत.

काका-पुतण्याची सफर ठरल्याप्रमाणे पार पडली असे म्हणता येईल, एका अपवादासह. पहिला दिवस सुखाचा गेला. दुसऱ्या दिवशी घाट उतरून माणगावला पोहोचेतो ऊन चढले. मुंबई-गोवा महामार्ग ओलांडून म्हसळ्याच्या वाटेला लागल्यावर चढउतारांची मालिका सुरू झाली. म्हसळ्यात दुपारी दोन वाजता काकांच्या डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी आली. ते झाडाखाली बसले, पाणी प्यायले, मीठ-साखर घेतली. पुतण्याने नाडी पाहिली. दहा मिनिटांत बरे वाटू लागले आणि काका उठून हेल्मेटचा पट्टा बांधू लागले. पुतण्याने काही न बोलता काकांची सायकल टेम्पोत चढवली.

“अरे, पंचवीसच किलोमीटर राहिले आहेत.”

“होय काका. आणि उद्याचे पंचेचाळीस. तुम्हाला समुद्र पाहायचा होता, म्हसळा नव्हे.”

काका टेम्पोत बसले. दिवेआगरला दवाखान्यात रक्तदाब तपासला तो ठीक निघाला. उन्हाचा व पाण्याच्या कमतरतेचा परिणाम, असे डॉक्टरांचे मत पडले. साडेपाचला जेवण होऊन काका झोपले ते पहाटे सामायिकाच्या वेळेसच उठले. सकाळची न्याहारी होताच पुन्हा रक्तदाब पाहून मगच सायकल बाहेर काढण्यात आली.

तिसरा दिवस हा या सगळ्या खटाटोपाचे फळ होता. दिवेआगरच्या पोफळीच्या वाड्यांमधून निघालेला रस्ता लवकरच समुद्राला येऊन मिळतो आणि आरावी, कोंडिवली, शेखाडी अशा वस्त्यांना धरून श्रीवर्धनपर्यंत जातो. डावीकडे डोंगर, उजवीकडे खडकांवर फुटणारे पाणी. रस्ता कधी लाटांच्या पातळीवर येतो, कधी टेकडीच्या खांद्यावर चढतो आणि मग खालची मासेमारीची होडी काडेपेटीएवढी दिसते. सकाळी सूर्य डोंगरामागे असल्याने बराच वेळ सावली मिळते. हा लाभ दुपारी निघणाऱ्यास नाही. प्रत्येक चढ लहान, पण असा एकही नाही की ज्यावर हलका गिअर लावावा लागला नाही. काका दोन ठिकाणी उतरून चालले. श्रीवर्धनला, बाळाजी विश्वनाथ पेशव्यांच्या गावी, दुपारचे ऊन टाळून तीन तास विश्रांती घेतली. अडीचला निघून साडेचारच्या आत हरिहरेश्वर गाठले.

तेथून बाणकोट खाडीचा बागमांडला धक्का पाच-सहा किलोमीटरवर आहे. वाहने वाहून नेणारी फेरीबोट तेथून पलीकडे वेसवीला जाते आणि पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै अशी डोंगर-समुद्राची साखळी सुरू होते. रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गाची, बॅरिस्टर अंतुले यांच्या नावाशी जोडली गेलेली कल्पना जसजशी प्रत्यक्षात येईल तसतसे या खाड्यांवर पूल होतील आणि सायकल बोटीत घालून खाडी ओलांडण्याची मौज संपेल. ती संपण्यापूर्वी अनुभवावी असे पुतण्याच्या मनात होते. जेवण उरकून आपण एकट्याने पलीकडे जावे, रात्री केळशीला पोहोचावे आणि काकांनी टेम्पोने परतावे, असा प्रस्ताव त्याने मांडला.

काकांनी केळशीपर्यंतचे अंतर विचारले, चढ विचारला, सूर्यास्ताची वेळ विचारली. मग पुतण्याच्या सायकलीचे मागचे चाक उचलून फिरविले व ब्रेक दाबला. ताम्हिणीच्या उताराने पॅड झिजून धातूला धातू लागत होता. दुकान सुटले तरी माल हाताळून पाहण्याची सवय गेली नव्हती. दोन्ही सायकली टेम्पोत चढल्या, साडेपाचला हरिहरेश्वरच्या एका घरी पाने मांडली गेली. फेरीबोटीचे वेळापत्रक पुतण्याने धक्क्यावर फोन करून लिहून घेतले आणि केळशीची वाट येत्या डिसेंबरासाठी राखून ठेवली आहे. या वेळी काकूही येणार म्हणतात, पण टेम्पोत पुढच्या बाकावर.